गॅलरीतील फुलबाग

गॅलरीतील फुलबाग म्हणजे इमारतीच्या गॅलरीत, सज्जात किंवा खिडकीबाहेरील कट्ट्यावर कुंड्यांमधून केलेली फुलझाडांची लागवड होय. मराठीत 'सज्जा' हा जुना शब्द उपलब्ध असला, तरी बोलण्यात 'गॅलरी' आणि अलीकडे 'बाल्कनी' हेच शब्द रूढ आहेत. गच्चीवरील बाग आणि गॅलरीतील बाग या एकच समजल्या जातात. वस्तुतः त्यांची प्रकृती भिन्न आहे. गच्चीवर आकाश चहूबाजूंनी मोकळे असते. गॅलरीला मात्र डोक्यावर छत, पाठीशी भिंत आणि बहुधा दोन्ही अंगांस आडोसा असतो. तेथे ऊन एकाच दिशेने येते आणि पाऊस तिरपा आला तरच पोहोचतो. त्यामुळे गॅलरीत कोणते झाड फुलेल, हे घरमालकाच्या आवडीपेक्षा गॅलरीचे तोंड कोणत्या दिशेला आहे यावर अधिक अवलंबून असते. प्रस्तुत लेखातील माहिती मुख्यतः महाराष्ट्रातील शहरांच्या हवामानास अनुसरून दिली आहे.

पार्श्वभूमी

वाड्याच्या अंगणात तुळशीवृंदावन आणि परसात जास्वंद, कण्हेर, प्राजक्त, मोगरा अशी पूजेच्या फुलांची झाडे असणे ही महाराष्ट्रातील जुनी रीत. शहरांत चाळी उभ्या राहिल्या तेव्हा अंगण गेले. तुळस मात्र सामाईक गॅलरीच्या कठड्यापाशी येऊन राहिली. वनस्पती तुपाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या आणि माठांचे तळ हीच त्या काळची कुंड्यांची भांडी होती. सदनिकांच्या काळात प्रत्येक घराला स्वतःची गॅलरी मिळाली, परंतु जागेच्या टंचाईमुळे ती काचा लावून खोलीत सामावून घेण्याचाही प्रघात पडला.

मुंबईत या संदर्भात एक चमत्कारिक प्रकार घडला. इमारतीच्या आराखड्यात खिडकीबाहेर दाखवलेला फुलझाडांचा कट्टा, म्हणजे बांधकाम व्यवसायाच्या भाषेतील 'फ्लॉवर बेड', हा दीर्घकाळ चटई क्षेत्र निर्देशांकात मोजला जात नसे. परिणामी कागदावर फुलांसाठी राखलेली ही जागा प्रत्यक्षात खोली वाढवण्यासाठी वापरली जाई. जानेवारी २०१२ मध्ये विकास नियंत्रण नियमावलीत बदल होऊन असे कट्टे निर्देशांकात मोजले जाऊ लागले. शहरात 'फ्लॉवर बेड' हा शब्द इतका परिचित असूनही त्यात फुले क्वचितच का दिसत, याचे उत्तर या नियमात आहे.

घरच्या ओल्या कचऱ्यापासून व पालापाचोळ्यापासून सुपीक माती तयार करून थोड्या जागेत झाडे वाढवण्याचा विचार महाराष्ट्रात रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोळकर यांच्या 'प्रयोग परिवार' या चळवळीला दिले जाते. त्यांचे 'विपुलाच सृष्टी' हे पुस्तक या विषयात रस असणाऱ्यांनी अवश्य पाहावे.

दिशा आणि ऊन

गॅलरीतील बागेच्या यशापयशाचे हे सर्वांत मोठे कारण असल्याने त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे आवश्यक आहे. बहुतेक फुलझाडांना कळ्या धरण्यासाठी रोज किमान चार ते सहा तास थेट ऊन लागते. प्रश्न असा, की हे ऊन गॅलरीत वर्षभर सारखे येत नाही.

महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे येथे वर्षातून दोनदा मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. यालाच 'शून्य सावलीचा दिवस' म्हणतात. पुणे व मुंबई येथे हा दिवस मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस येतो. नागपूर अधिक उत्तरेस असल्याने तेथे पहिला दिवस मेच्या अखेरीस येतो. याउलट डिसेंबरच्या उत्तरार्धात पुण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच वर चढतो.

या साध्या खगोलीय वस्तुस्थितीचा दक्षिणाभिमुख गॅलरीवर होणारा परिणाम पाहण्यासारखा आहे. समजा, जमिनीपासून छत ३ मीटर उंच आहे आणि छताची व जमिनीची बाहेरची कड एका रेषेत आहे. अशा गॅलरीत डिसेंबरच्या मध्यान्ही ऊन सुमारे २.७ मीटर आत येते, म्हणजे बहुधा संपूर्ण गॅलरी उजळून निघते. मार्च व सप्टेंबरच्या विषुवदिनी ते जेमतेम १ मीटर आत येते. मेच्या मध्यास ते जवळजवळ येतच नाही. कडेचा कठडा भिंतीचा असेल तर तोही बराच प्रकाश अडवतो. दक्षिणेची गॅलरी 'फार उन्हाची' असते, ही समजूत त्यामुळे अर्धीच खरी आहे. ती हिवाळ्यात उन्हाची आणि उन्हाळ्यात सावलीची असते. म्हणूनच थंडीतील हंगामी फुलांसाठी, म्हणजे पिटुनिया, फ्लॉक्स, डायंथस, शेवंती, झेंडू यांसाठी, ही दिशा उत्तम होय. याच गॅलरीत मोगरा लावणाऱ्याला मात्र ऐन मोगऱ्याच्या बहरात, एप्रिल-मे महिन्यांत, पानेच पाहावी लागण्याचा संभव असतो.

पूर्वेच्या गॅलरीला सकाळचे कोवळे ऊन वर्षभर मिळते. गुलाब, जास्वंद, मोगरा, अबोली, सदाफुली यांतील बहुतेक झाडे येथे सुखाने वाढतात. पर्याय उपलब्ध असल्यास बागेसाठी हीच गॅलरी निवडावी.

पश्चिमेची गॅलरी कठीण. दुपारनंतरचे ऊन, तापलेली भिंत आणि गरम वारा यांमुळे एप्रिल-मे महिन्यांत कुंडीतील माती काही तासांतच कोरडी होते. विदर्भात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते तेव्हा तर मुळेही भाजतात. येथे बोगनवेल, अडेनियम, सदाफुली, एक्झोरा आणि चिनी गुलाब ही काटक झाडे टिकतात. चिनी गुलाबाचे फूल सकाळी ऊन चढले की उमलते, म्हणून त्याला गमतीने 'ऑफिस टाइम' असेही म्हणतात. उन्हाळ्यापुरती पन्नास टक्के सावली देणारी हिरवी जाळी बांधल्यास इतर झाडेही तग धरतात. कोकण किनारपट्टीवर आणि मुंबईत पावसाळी वारे नैर्ऋत्येकडून येत असल्याने याच गॅलरीला पावसाचा माराही सर्वाधिक बसतो.

उत्तरेची गॅलरी फुलांच्या दृष्टीने निरुपयोगी मानली जाते, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. मात्र विषुवदिनांच्या दरम्यान, मार्च ते सप्टेंबर या काळात, सूर्य पूर्वेच्या किंचित उत्तरेस उगवतो व पश्चिमेच्या उत्तरेस मावळतो. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन या गॅलरीत डोकावते. त्यावर तेरडा, टोरेनिया, बेगोनिया ही झाडे पावसाळ्यात फुलू शकतात. पीस लिली आणि अँथुरियम यांना तर थेट उन्हाची गरजच नसते.

समोरच्या इमारतीची सावली हा घटक वरील सर्व हिशेब बिघडवू शकतो. म्हणून रोपे आणण्यापूर्वी एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला ऊन कोठे पडते याची नोंद करावी, आणि हीच नोंद दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करावी. हा शालेय विद्यार्थ्यांसाठी भूगोलाचा एक चांगला उपक्रमही होऊ शकतो.

वजन आणि सुरक्षितता

ओल्या मातीचे वजन बहुतेकांच्या अंदाजापेक्षा पुष्कळ अधिक असते. ३० सेंटिमीटर व्यासाच्या एका कुंडीत साधारण १५ लिटर माती मावते. पाणी घातल्यावर तिचे वजन सुमारे २५ किलोग्रॅम होते. अशा दहा कुंड्या म्हणजे अडीचशे किलोग्रॅम, शिवाय कुंड्यांचे स्वतःचे वजन वेगळेच. निवासी इमारतींच्या बाल्कनीसाठी दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने ३०० किलोग्रॅम, इतका भार धरून आराखडा करावा, असे भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात सांगितले आहे. या भारात माणसे, कपाट, कपडे धुण्याचे यंत्र असे सर्वच आले. हा आकडा नव्या व सुस्थितीतील बांधकामाचा आहे. जुन्या इमारतीत, विशेषतः समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत, सळया गंजून स्लॅबची ताकद घटलेली असते. छताचे पोपडे पडत असतील किंवा सळया उघड्या दिसत असतील, तर तेथे बाग करण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

बहुतेक गॅलऱ्या भिंतीतून बाहेर आलेल्या व पुढच्या बाजूने निराधार असतात. अशा स्लॅबवर कडेला ठेवलेले वजन भिंतीलगत ठेवलेल्या तेवढ्याच वजनापेक्षा कितीतरी जास्त ताण निर्माण करते. सबब जड कुंड्या नेहमी भिंतीच्या बाजूस ठेवाव्यात आणि कठड्याकडे हलक्या. माती हलकी करण्यासाठी नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजेच कोकोपीट, मिसळणे हा चांगला उपाय आहे.

कठड्याच्या माथ्यावर मोकळी कुंडी ठेवणे ही गोष्ट सर्वथा वर्ज्य समजावी. वळवाच्या पावसापूर्वीचा सोसाट्याचा वारा, मांजर किंवा कबूतर यांपैकी कोणीही ती पाडू शकते, आणि चौथ्या मजल्यावरून पडलेली छोटी कुंडीही खालून जाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. टांगत्या कुंड्या कठड्याच्या आतल्या बाजूस, लोखंडी कड्यांनी पक्क्या बांधाव्यात.

फुलझाडांची निवड

रोपवाटिकेत फुलांनी लगडलेले रोप मोहात पाडते, परंतु घरी आणताच त्याची फुले गळतात आणि पुढचा बहर बराच लांबतो. कळ्या असलेले, बुंध्यापाशी दणकट आणि पानांच्या पाठी स्वच्छ असलेले रोप घ्यावे. बरीच रोपे चिकट तांबड्या मातीच्या गोळ्यात येतात. हा गोळा वाळला की विटेसारखा कडक होतो आणि वरून घातलेले पाणी त्याच्या कडेने वाहून जाते. वरची माती ओली आणि मुळे कोरडी अशी अवस्था होते. म्हणून रोप आठवडाभर घरच्या हवेला सरावू द्यावे आणि मग कुंडी बदलताना या गोळ्याची बाहेरची माती हलक्या हाताने मोकळी करावी.

मोगरा हा महाराष्ट्रातील गॅलरीचा मानबिंदू म्हणता येईल. त्याला भरपूर ऊन आणि उष्णता हवी असते. डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी करून त्याची छाटणी करावी, पाने झडू द्यावीत आणि नंतर खत व पाणी सुरू करावे. नव्या फुटीवर मार्चपासून कळ्या येतात. छाटणीचा धीर न झाल्याने अनेक घरी मोगऱ्याची नुसती वेल वाढत राहते. बटमोगरा, हजारी मोगरा, मदनबाण हे त्याचे परिचित प्रकार. त्याच कुळातील जुई पावसाळ्यात फुलते. मात्र तिला चढण्यासाठी तार किंवा कामटीचा आधार द्यावा लागतो.

जास्वंद गणपतीच्या पूजेमुळे घरोघरी असते. तिचे फूल एकच दिवस टिकते आणि नव्या फांदीवर येते, म्हणून नियमित छाटणी आवश्यक ठरते. मोठ्या, रंगीबेरंगी फुलांच्या संकरित जातींपेक्षा साधी तांबडी देशी जास्वंद अधिक चिवट असून तिला कीडही तुलनेने कमी लागते. गुलाबाबाबत हाच नियम लागू पडतो. मोठ्या फुलांच्या कलमांपेक्षा गॅलरीत छोट्या फुलांचा बटणगुलाब किंवा सुवासिक गावठी गुलाब अधिक समाधान देतो. कलमी गुलाबाच्या सांध्याखालून येणारे फुटवे वेळीच काढून टाकावेत, अन्यथा खालचे जंगली खुंटच वाढून वरचे कलम मरते.

शेवंतीची गोष्ट वेगळी. हे झाड दिवसाच्या लांबीवर चालते. रात्र पुरेशी मोठी झाली म्हणजे त्याला कळ्या धरतात. गॅलरीत रात्रभर दिवा जळत असेल किंवा रस्त्यावरील दिव्याचा झोत थेट झाडावर येत असेल, तर शेवंतीला रात्र लहानच वाटते आणि ती फुलण्याचे लांबवते किंवा फुलतच नाही. पुष्कळ जण अशा वेळी खताला किंवा रोपवाटिकेला दोष देतात. कुंडी संध्याकाळनंतर अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवल्यास हा दोष दूर होतो. नाताळात विकला जाणारा पॉइन्सेटिया याच स्वभावाचा आहे.

ज्याला महाराष्ट्रात घरोघरी 'ब्रह्मकमळ' म्हणतात, त्याविषयी एक खुलासा आवश्यक आहे. पानासारख्या चपट्या खोडावर पावसाळ्यातील एखाद्या रात्री उमलणारे आणि पहाटेस मिटणारे हे पांढरे फूल निवडुंगाच्या कुळातील असून ते मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील आहे. त्याचे शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. हिमालयात उंचावर आढळणारे खरे ब्रह्मकमळ, सॉस्सुरिया ऑब्वॅलाटा, हे सूर्यफुलाच्या कुळातील असून त्याचा या झाडाशी काहीही संबंध नाही. नाव चुकीचे असले तरी झाड गॅलरीसाठी अतिशय सोयीचे आहे. त्याला अर्धवट सावली चालते, पाणी बेताचे लागते, आणि खोडाचा एक तुकडा मातीत खोचला तरी ते रुजते. फूल उमलणार असेल त्या रात्री शेजाऱ्यांना बोलावण्याची पद्धत अनेक वसाहतींत आजही टिकून आहे.

अबोली कोकण व गोव्यात गजऱ्यासाठी विशेष प्रिय आहे. तिच्या वाळलेल्या बोंडांवर पाणी पडताच ती तडकून बिया दूर उडतात, त्यामुळे शेजारच्या कुंड्यांतही अबोलीची रोपे आपोआप उगवलेली दिसतात. सकाळचे ऊन व दुपारची सावली तिला मानवते. अनंताला आम्लधर्मी माती लागते. कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्यावर त्याची पाने शिरा हिरव्या राहून पिवळी पडतात. अशा ठिकाणी त्याला साठवलेले पावसाचे पाणी द्यावे. ते जमत नसेल तर अनंत लावूच नये, हे बरे.

बोगनवेलीचे जे रंगीत भाग आपण पाकळ्या समजतो, ती वस्तुतः पाने होत. खरे फूल त्यांच्या मधोमध असलेली लहानशी पांढरट नळी. अठराव्या शतकातील फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हील याच्या नावावरून या मूळच्या दक्षिण अमेरिकी वेलीला नाव मिळाले. तिला लाडावणे अहितकारक असते. भरपूर पाणी व शेणखत दिल्यास ती पानांनी गच्च भरते. माती वाळू देऊन मगच पाणी दिल्यास बहरते.

हंगामी फुलांत झेंडूला पहिला मान आहे. मेक्सिकोतून आलेले हे फूल दसऱ्याच्या तोरणात असे मिसळून गेले आहे, की ते परदेशी आहे हे सांगूनही पटत नाही. दसऱ्याला घरची फुले हवी असल्यास जुलैमध्ये बी पेरावे. तेरड्याचे बी जूनमध्ये पेरतात. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण त्याच्या फुलांवर अन्याय करणारी असली, तरी झाड अल्पायुषी असते हे खरे. कोकणात गौरी बसवताना तेरड्याच्या रोपांना विशेष महत्त्व असते. गोकर्ण, गुलबक्षी, बटणफूल हीदेखील पावसाळी पेरणीची फुले. थंडीच्या फुलांची पेरणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात करावी. परदेशी मासिकांतील छायाचित्रे पाहून जिरेनियमच्या कुंड्या टांगण्याचा मोह अनेकांना होतो. पुण्याच्या हिवाळ्यात तो हौसेखातर पुरवता येईल, मुंबईच्या दमट हवेत मात्र पैसे वाया जातात.

कोणते झाड आपल्या हवेत कसे दिसते हे पाहण्यासाठी पुण्यातील एम्प्रेस गार्डन आणि मुंबईतील भायखळ्याची राणीची बाग येथे हिवाळ्यात भरणारी पुष्पप्रदर्शने उपयुक्त ठरतात.

घरात लहान मुले असल्यास कण्हेर, अडेनियम आणि घाणेरी यांपासून सावध राहावे. कण्हेरीचे सर्व भाग विषारी असतात. खऱ्या लिलीचे परागकणही मांजराच्या मूत्रपिंडास घातक ठरतात.

मांडणी

मांडणीचा पहिला हेतू प्रत्येक झाडाला ऊन पोहोचवणे हा असून शोभा त्यानंतर येते. ऊन कठड्याच्या दिशेने येत असल्याने बुटकी झाडे पुढे, मध्यम उंचीची त्यामागे आणि उंच किंवा वेली भिंतीलगत अशी पायऱ्यांसारखी रचना करावी; वजनाच्या दृष्टीनेही ती योग्य ठरते. एकाच बाजूने प्रकाश येत असल्याने झाडे वाकतात, म्हणून दर आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवावी. मोगऱ्यासारखी कळ्या धरलेली झाडे मात्र त्या काळात शक्यतो हलवू नयेत. वातानुकूलन यंत्राच्या बाहेरील पंख्यासमोर कोणतेही झाड ठेवू नये. गरम झोताने त्याची पाने करपतात. पाणी घालण्यासाठी, कपडे वाळत घालण्यासाठी आणि संकटकाळी बाहेर पडण्यासाठी माणसाला उभे राहता येईल एवढी वाट राखावी. दोन-तीन रंगांची फुले गटागटाने ठेवल्यास लहान गॅलरीही मोठी भासते. प्रत्येक कुंडीत वेगळे फूल ठेवल्यास तिला रोपवाटिकेचे रूप येते.

कुंडी आणि माती

मातीच्या कुंडीतून बाष्पीभवन होत असल्याने मुळे थंड राहतात, पण पाणी लवकर संपते. प्लॅस्टिकची कुंडी हलकी असते व ओल धरते. पावसाळ्यात तीच ओल घातक ठरू शकते. मुंबईसारख्या दमट ठिकाणी मातीची आणि वाऱ्याच्या उंच मजल्यावर प्लॅस्टिकची कुंडी, असा सर्वसाधारण ठोकताळा सांगता येईल. तळाशी भोक असणे अनिवार्य आहे. भोकावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळी पुरते. तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर दिल्याने निचरा सुधारतो ही सार्वत्रिक समजूत बरोबर नाही. बारीक मातीतील पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही, आणि मुळांच्या वाट्याची जागा मात्र कमी होते.

शेतातील काळी माती कुंडीत वापरू नये. ओली झाली की ती चिकटते, वाळली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. दोन भाग तांबडी किंवा गाळाची माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट हे मिश्रण बहुतेक फुलझाडांना चालते. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून ते वापरण्यापूर्वी भिजवून एक-दोनदा धुवावे. कुंडीतील माती दरवर्षी खाली बसते आणि मुळांनी भरून जाते. दीड-दोन वर्षांनी झाड काढून, बाहेरची मुळे थोडी छाटून, नव्या मिश्रणात लावावे.

पाणी

गॅलरीतील झाडे पाण्याअभावी मरतात त्याहून अधिक अतिपाण्याने मरतात. मुळे कुजू लागली की ती पाणी शोषू शकत नाहीत आणि पाने माना टाकतात. ते पाहून पुन्हा पाणी घातले जाते. यावर उपाय एकच. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. आत ओल असेल तर पाणी घालू नये, कोरडे लागले तर तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत घालावे. रोज थोडेसे शिंपडल्याने मुळे वरच्यावर राहतात. उन्हाळ्यात पश्चिमेच्या गॅलरीत दिवसातून दोनदा, तर हिवाळ्यात दोन-तीन दिवसांतून एकदा पाणी पुरते. पावसाळ्यात गॅलरीच्या आतल्या कुंड्यांना पाऊस लागतच नाही, हे विसरले जाते आणि बाहेर धो धो कोसळत असताना आतली झाडे तहानेने सुकतात.

गॅलरीतील बागेचे सर्वांत जुने वैर खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांशी आहे. गृहनिर्माण संस्थांतील कुरबुरींचे हे एक नित्याचे कारण असल्याने कुंडीखाली ताटली ठेवणे, सकाळी लवकर पाणी घालणे आणि गॅलरीच्या पन्हळीचे भोक मातीने तुंबू न देणे, एवढी काळजी घ्यावी. स्लॅबमधून ओल झिरपत असेल तर आधी जलरोधनाची दुरुस्ती करावी. ओल सळयांपर्यंत पोहोचली तर नुकसान दोन्ही घरांचे होते.

ताटलीत साचलेले पाणी हा सार्वजनिक आरोग्याचा विषय आहे. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस इजिप्ती हा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. अनुकूल हवेत अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सर्व ताटल्या रिकाम्या कराव्यात. या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्या अवस्थेतही कित्येक महिने जिवंत राहतात. त्यामुळे नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही, ताटली घासली पाहिजे. बाटलीत लावलेल्या मनीप्लांटचे पाणीही याच हिशेबाने बदलावे.

खत आणि छाटणी

कुंडीतील पोषणद्रव्ये पाण्याबरोबर वाहून जातात, म्हणून महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत आणि त्यासोबत थोडी निंबोळी पेंड द्यावी. बहराच्या काळात पंधरवड्याने १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात एक ते दोन ग्रॅम मिसळून देता येते. नत्र अधिक झाल्यास पाने वाढतात व फुले घटतात. कोरड्या मातीत रासायनिक खत कधीही देऊ नये. चहाचा चोथा साखर-दूध धुऊन काढल्यावर खड्ड्यात किंवा कंपोस्टच्या डब्यात घालावा. थेट कुंडीत घातल्यास मुंग्या आणि बुरशी यांना आमंत्रण मिळते. केळ्याच्या साली, अंड्याची टरफले यांचाही उपयोग कुजल्यानंतरच होतो.

सुकलेली फुले वेळोवेळी खुडल्यास झाडाची शक्ती बी धरण्यात खर्च होत नाही आणि नव्या कळ्या येतात. गुलाबाची मुख्य छाटणी पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये करतात.

कीड आणि उपद्रव

जास्वंदीवर कापसासारखा दिसणारा पिठ्या ढेकूण, कोवळ्या शेंड्यांवरील मावा, गुलाबावरील फुलकिडे व भुरी आणि उन्हाळ्यात पानांवर बारीक जाळी करणारा लाल कोळी हे प्रमुख शत्रू होत. मुंग्या पिठ्या ढेकणांच्या गोड स्रावासाठी त्यांचा सांभाळ करतात, म्हणून झाडावर मुंग्यांची रांग दिसली की पानांच्या पाठी तपासाव्यात. सुरुवातीस पाण्याचा जोरदार फवारा किंवा ओल्या कापसाने पुसणे पुरते. त्यापुढे लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि काही थेंब पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. भर उन्हात फवारल्यास पाने भाजतात. बंद गॅलरीत, स्वयंपाकघराशेजारी, तीव्र रासायनिक कीटकनाशके वापरणे टाळावे, आणि पूजेसाठी किंवा गजऱ्यासाठी खुडायची फुले असतील तर ती मुळीच वापरू नयेत.

कबुतरे कुंडीत अंडी घालतात व रोपे तुडवतात. त्यांची विष्ठा वाळून उडाल्यास फुप्फुसांचे विकार होऊ शकतात. ती काढताना पाणी शिंपडून, तोंडावर मुखपट्टी बांधून काढावी. बारीक जाळी लावल्यास कबुतरांचा उपद्रव थांबतो, परंतु त्याबरोबर जास्वंदीवर येणारे शिंजीर पक्षीही बंद होतात, ही त्यातील खंत.

गावाला जाताना

मे महिन्याच्या सुट्टीत घर बंद राहते आणि नेमक्या त्याच काळात झाडांना सर्वाधिक पाणी लागते. निघण्यापूर्वी सर्व कुंड्या भिंतीलगत सावलीत दाटीने एकत्र ठेवाव्यात, फुले व कळ्या खुडाव्यात आणि मातीवर वाळलेल्या पानांचे किंवा नारळाच्या शेंड्यांचे आच्छादन घालावे. चार-पाच दिवसांसाठी झाकण लावलेल्या पाण्याच्या बादलीतून सुती दोरीचे एक टोक प्रत्येक कुंडीच्या मातीत पुरण्याची युक्ती उपयोगी पडते. दोरीतून पाणी हळूहळू झिरपत राहते. दोरीचे दुसरे टोक बादलीच्या तळापर्यंत पोहोचले पाहिजे, आणि झाकणाला दोरीपुरतेच भोक असावे, म्हणजे डास आत शिरत नाहीत. त्याहून अधिक दिवसांसाठी किल्ली शेजाऱ्यांकडे द्यावी आणि कोणत्या झाडाला किती पाणी घालायचे, हे कुंडीवरच चिठ्ठी चिकटवून लिहावे. अडेनियम आणि ब्रह्मकमळ यांच्या चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदाच' असे ठळक अक्षरांत लिहावे.